बसला की बसवला?

ग्वाटेमालातल्या क्विरिग्वा इथे एक दगडी स्तंभ उभा आहे. जमिनीत गाडलेला भाग धरला तर त्याची लांबी साडेदहा मीटर भरते. मायांच्या साऱ्या मुलखात एवढा उंच कोरीव स्तंभ दुसरा नाही. इ.स. ७७१ मध्ये तो उभारणाऱ्या राजाचं नाव काक तिलिव चान योपात. त्याच्या आयुष्यातल्या दोन घटना क्विरिग्वाच्या लेखांत सापडतात. ७२५च्या सुमारास तो गादीवर आला, तो शेजारच्या कोपान नगराच्या राजाच्या हातून. आणि ७३८ साली त्याच कोपानच्या राजाचं त्याने डोकं उडवलं.

‘हातून’ म्हणताना मी ज्या शब्दाचा अर्थ सांगतो आहे तो आहे ‘उकबजीय’. बसणं आणि बसवणं यांत मराठीत जो फरक आहे, तोच हा शब्द करतो. राजा बसला की त्याला कुणी बसवलं? माया राजकारणाचं मर्म या प्रश्नात आहे, असं मला वाटतं. पण तो विचारण्यापर्यंत यायला अभ्यासकांना बराच काळ लागला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिल्वेनस मॉर्ली आणि एरिक थॉम्प्सन यांचा शब्द या क्षेत्रात प्रमाण होता. माया म्हणजे शांतताप्रिय लोक, त्यांची नगरं म्हणजे देवस्थानं, आणि सत्ता ग्रहताऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या पुरोहितांची. स्तंभांवरच्या तारखा कालगणनेच्या, माणसांच्या नव्हेत. १९४६ साली बोनाम्पाकची भित्तिचित्रं उजेडात आली. त्यांत लढाई होती, पायऱ्यांवर बसवलेले कैदी होते, त्यांच्या बोटांतून रक्त गळत होतं. तरीही जुनं चित्र लगेच पुसलं गेलं नाही.

ते पुसलं तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी, १९६० साली. त्यांचं मूळ शिक्षण वास्तुरचनेचं. पिएद्रास नेग्रासचे स्तंभ त्यांनी गटागटाने लावून पाहिले. प्रत्येक गटाच्या आरंभी एकाच धर्तीचं शिल्प: उंच कोनाड्यात बसलेली व्यक्ती, आणि तिथवर नेणारी शिडी. मग त्यांनी प्रत्येक गटातल्या तारखा मोजल्या. कोणत्याही गटाचा काळ एका माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त भरत नव्हता. देवाला आयुष्याची मर्यादा कशाला असेल? हे राजे होते. त्यांचे जन्म होते, राज्यारोहणं होती. वाचता न येणाऱ्या लिपीतून केवळ तारखांच्या अंतरावरून एवढं काढणं! या कामाबद्दल मला अपार आदर आहे.

त्याच्या दोनच वर्षं आधी हाइनरिख बर्लिन यांनी नगरागणिक बदलणारं एक राजचिन्ह ओळखलं होतं. आता राज्यं मोजायला साधन मिळालं, आणि मोजणाऱ्यांत दोन तट पडले. कोपानच्या ७३१च्या एका स्तंभावर कोपान, तिकाल, कालाकमुल आणि पालेंके अशी चार नावं एकत्र येतात. जॉइस मार्कस यांनी त्यावरून चार मोठ्या राजधान्या मांडल्या. पीटर मॅथ्यूज यांच्या मते राजचिन्ह म्हणजे ‘कुहुल अहाव’, पवित्र अधिपती ही पदवी. ती ज्याला ज्याला आहे तो स्वतंत्र राजा. मग राज्यं डझनांनी निघतात.

१९९५ साली सायमन मार्टिन आणि निकोलाई ग्रुबे यांनी मोजणी बाजूला ठेवून नाती वाचली. ‘अहाव’ म्हणजे अधिपती, ‘यहाव’ म्हणजे ‘त्याचा अधिपती’. ‘पवित्र’ म्हणवणारे राजेसुद्धा दुसऱ्या कुणाचे तरी होते. कालाकमुलचं सर्प घराणं, विशेषतः ६३६ ते ६८६ पर्यंत राज्य केलेला युकनूम चेन, या जाळ्याच्या मध्यभागी दिसू लागला. जिंकलेला मुलूख तो सहसा खालसा करत नसे. गादी तिथली, घराणं बहुधा तिथलंच. फक्त बसवणारा हा. दोस पिलासचा राजा तिकालच्या राजकुळातला. कालाकमुलने त्याला हरवलं, आणि पुढे तो कालाकमुलच्या बाजूने आपल्याच भाऊबंदांशी लढला.

आपल्याकडे याला शब्द आहे: मांडलिक. आणि तो केवळ सोयीचा नाही. स्टॅन्ली तांबिया यांनी थायलंडच्या जुन्या राज्यांसाठी मंडलाची कल्पना वापरली, आणि तिथून पुढे आर्थर डेमारेस्ट यांनी ती मायांना लावून पाहिली. कौटिल्याच्या मंडलात शेजारी तो शत्रू आणि शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र. क्विरिग्वाच्या लेखात कोपानच्या पाडावाच्या दोनच वर्षं आधी, ७३६ साली, दूरच्या कालाकमुलच्या राजाचं नाव येतं, हे वाचताना कौटिल्य आठवतोच. मायांना अर्थातच त्याचं नावही ठाऊक नव्हतं. पण मांडलिकाला दूरचा धनी सापडला की जवळच्या धन्याची काय गत होते, ते कोपानने पाहिलं.

‘त्याचा’ या शब्दात किती बळ होतं, हे ला कोरोनाच्या एका दगडावरून कळतं. या लहानशा नगरात कालाकमुलच्या राजकन्या सून म्हणून आल्या होत्या. ६९५ साली तिकालने कालाकमुलच्या युकनूम यिचाक काकचा पराभव केला, तेव्हा तो पकडला किंवा मारला गेला असावा, असं पुढे अभ्यासकांना वाटत राहिलं. २०१२ साली ला कोरोनाच्या जिन्याचा एक कोरीव दगड वाचला गेला. हरलेला राजा जिवंत होता. पराभवाला काही महिनेच लोटले असताना, ६९६च्या आरंभी, तो ला कोरोनाला येऊन गेला होता, आणि तिथल्या लोकांनी त्याचं येणं पायरीवर कोरून ठेवलं.