नाण्याची फट

एखाद्या जुन्या वाड्याची वाटणी व्हावी, माळा रिकामा करण्याची वेळ यावी, आणि अडगळींतून बिडाची एक पेटी खालीं यावी, असें समजूं. तिला वर अरुंद फट आहे, पोटांत एक दांडी आहे, मागें कुलूप आहे. काय देण्याकरितां ती केली होती हें मात्र घरांतील कोणासच सांगतां येत नाहीं. अशा वस्तूचें प्रयोजन ओळखावयाचें कसें, हा प्रश्न वरवर पुराणवस्तुसंशोधकाचा दिसतो. मला तो नीतिशास्त्राचाही वाटतो.

काळ ठरविणें त्या मानानें सोपें. फट चांदीच्या रुपयाच्या मापाची कीं १९४३ ते १९४७ या सालांतील भोकाच्या पैशाच्या मापाची, हें पाहावें. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं आणि आणे-पैंचा हिशेब मागें पडला; पुढें ३० जून २०११ नंतर पावलीही चलनांतून गेली. यंत्र धडधाकट राहतें, त्याला चालविणारें नाणेंच नाहींसें होतें.

प्रयोजनाचें तसें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें हेरॉन नांवाचा यंत्रज्ञ होऊन गेला. त्यानें वर्णिलेलें मंदिरांतील पाण्याचें भांडें हें या कुळांतील सर्वांत जुनें ज्ञात यंत्र होय. पांच द्राख्माचें नाणें दांडीच्या एका टोकावर पडे. त्याच्या भारानें दुसरें टोक उचललें जाऊन झडप उघडे, थोडें पाणी वाहे, आणि कललेल्या दांडीवरून नाणें घसरतांच झडप मिटे. भक्ताच्या ओंजळींत किती पाणी पडावें हें पुजाऱ्यानें नव्हे, नाण्यानें ठरवावें, अशी ही योजना! अठराव्या शतकांत इंग्लंडमधील मद्यगृहांत तंबाखूची पितळी पेटी ठेवीत. अर्ध्या पेनीचें नाणें टाकलें कीं झांकण उघडे. पुढें चिलीम एकदांच भरावी आणि झांकण लावावें, हें गिऱ्हाइकाच्या इमानावर सोपविलेलें असे. मला ही पेटी फार आवडते. कारण माणसावरील विश्वास कोठें संपतो व कोठें पुन्हा सुरू होतो, याची रेघ तिच्यांत डोळ्यांना दिसते. आपल्या आगगाडीच्या फलाटांवरील वजनाचे काटेही आठवावेत. नाणें टाकलें कीं पुठ्ठ्याचें तिकीट बाहेर येई. एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस भविष्य. मुलांचा ओढा कोणत्या बाजूकडे असे, हें सांगावयास नको. शंभर वर्षांनीं तो कांटा एखाद्या संशोधकाच्या हातीं लागला, तर तो त्याला तराजू म्हणेल कीं ज्योतिषी?

पाणी, तंबाखू, भविष्य. पुढच्या तोंडानें बाहेर पडणारी वस्तु दर वेळीं निराळी, मागचें कुलूप मात्र तेंच. म्हणून अशी पेटी काय देते हें विचारण्याआधीं तिनें कोणाला रजा दिली हें विचारावें. तिच्या जागीं पूर्वीं एक माणूस बसलेला होता.

तो माणूस कसा होता? वऱ्हाडांत वैशाखांत पारा पंचेचाळिसांच्या घरांत जातो. त्या उन्हांत पाणपोईवर रांजणाशीं बसलेल्या माणसाची आठवण गोड आहे. अमरावती जिल्ह्यांत जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं तहानलेल्याला पाणी देणें हाच धर्म, असें गांवोगांव सांगितलें. या चित्राशेजारीं नाण्याची फट ठेवली तर ती कृपण दिसते, आणि बहुतेक लेखक येथेंच थांबून यंत्रयुगाला बोल लावतात. मला तसें थांबतां येत नाहीं. रांजणाशीं बसलेला हात सर्वांना सारखें पाणी देत नसे. कोणाला पेला, कोणाला वरून ओंजळींत धार, कोणाला तेवढेंही नाहीं. इंग्रजी अमलांत स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ वेगवेगळें असे. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि त्याच सालीं अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली. हेरॉनच्या भांड्यानें नाणें टाकणाऱ्याची जात विचारली नसती. ज्याला माणसाच्या हातून अपमानच मिळाला, त्याला विश्वास न ठेवणारें पण अपमानही न करणारें यंत्र बरें वाटलें, तर त्यांत नवल काय?

हा विचार केवळ पुस्तकी नाहीं. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील भूगर्भांतलें पाणी खारट, पिण्यास अयोग्य. अलीकडे महाराष्ट्रांतील पुष्कळ गांवांत शुद्ध पाण्याचीं यंत्रें बसलीं आहेत. नाणें टाकावें आणि घागर भरून न्यावी. लोक त्याला ‘पाण्याचें एटीएम’ म्हणतात. हेरॉनच्या दांडीच्या जागीं विजेची कळ आली, एवढाच काय तो फरक. तेथें कोणाची घागर कोणाच्या घागरीला लागली, याची चौकशी यंत्र करीत नाहीं. हा त्याचा मोठा गुण मी मानतों. परंतु ज्या पाणक्याला आपण रजा दिली, तो पक्षपाती असला तरी समोरच्याचा कोरडा घसा आणि रिकामा खिसा त्याला दिसूं शकत होता. यंत्राला तो दिसत नाहीं. घागर घेऊन आलेल्या बाईजवळ नाणें नसेल तर तिनें काय करावें, याचें उत्तर पेटीच्या रचनेंत नाहीं. तें ग्रामपंचायतीला ठरावांत लिहावें लागेल, किंवा रांगेंत तिच्या मागें उभ्या असलेल्याला आपला खिसा चांचपावा लागेल.