वाचणाऱ्याचा विजय आणि न वाचणाऱ्याचा वाटा

सोलापूर जिल्ह्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे स्थान आहे. तेथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा एक लेख कोरलेला आहे. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणल्यापासून त्याची चर्चा प्रामुख्याने एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : मराठीतील आद्य शिलालेख कोणता? आक्षीच्या लेखाचा काळ इ. स. १०१२ मानणारे अभ्यासक हा मान कुडलला देत नाहीत. हा वाद कालनिर्णयाचा आहे आणि त्याच्या जागी तो उचितच आहे. परंतु जो हे वाचील तो विजयी होईल, हा त्या लेखातील अखेरच्या मराठी ओळीचा आशय कालनिर्णयाने निकालात निघत नाही. त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून संहितेची एकात्मता वाचकाच्या ठायी कल्पिली. त्यांचा वाचक मात्र इतिहास, चरित्र व मानसशास्त्र यांविरहित असतो. कुडलच्या ओळीतील वाचकही वरकरणी तसाच आहे. त्याला जात, पंथ, गाव वा हेतू यांची अट नाही. विजय कशावर, हेही ओळ सांगत नाही. एवढे उदार आवाहन क्वचितच आढळेल. तथापि ज्या एका क्रियेवर हे वचन अवलंबून आहे, ती क्रियाच अकराव्या शतकात मोजक्यांच्या हाती होती. अट घातलेली नाही असे वाटते, कारण ती ‘वाचणे’ या क्रियापदातच सामावलेली आहे.

याच्या शेजारी मध्ययुगीन महाराष्ट्रातील गद्धेगाळ ठेवून पाहावा. दान दिलेल्या भूमीचा अपहार करणाऱ्यास उद्देशून असलेली ती अश्लाघ्य शापवाणी अक्षरांत तर येतेच, पण शिळेवर शिल्परूपानेही कोरली जाते. जरब निरक्षरापर्यंत पोहोचली पाहिजे, याची काळजी येथे घेतलेली दिसते. कुडलच्या आशीर्वादासोबत असे चित्र नाही. दोन्ही उदाहरणे एकत्र वाचली तर एक अस्वस्थ करणारी विभागणी समोर येते : शाप सर्वांसाठी, विजय साक्षरांसाठी. ही कोणा एका कोरक्याची योजना नव्हे. परंतु योजना नसतानाही अन्याय घडू शकतो.

यावर परिचित उत्तर असे की, निरक्षरांसाठी प्रतिमा होत्याच. मार्सेचा बिशप सेरेनस याला इ. स. ६०० च्या सुमारास लिहिताना पोप ग्रेगरी यांनी चित्रांचे समर्थन याच भूमिकेवरून केले होते. पण इटलीतील अनाञी येथील कॅथेड्रलच्या तळघरातील तेराव्या शतकातील भित्तिचित्रे हे समर्थन अपुरे ठरवतात. तेथे संतकथांच्या सान्निध्यात गॅलेन आणि हिपोक्रेटिस समोरासमोर बसलेले आहेत. विश्वरचना आणि मानवी प्रकृती यांचा संबंध दाखवणाऱ्या आकृती आहेत. या चित्रांना ग्रंथ ठाऊक असलेला प्रेक्षक अपेक्षित आहे. तेव्हा अक्षर विद्वानांचे आणि चित्र अज्ञांचे, ही वाटणी टिकत नाही. ज्ञानाची दारे चित्रातही बंद असू शकतात.

कुडल येथेच मातीखालून बाहेर आलेल्या हरिहरेश्वर मंदिरातील बहुमुखी लिंगावर ३५९ मुखे मोजली गेली आहेत. ती सारी एकाच जागी उभे राहून कोणालाही दिसत नाहीत. पाहणाऱ्याने भोवती फिरावे लागते. येथे पंडित आणि अडाणी यांना एकच मर्यादा आहे. मात्र दर्शन हे वाचनापेक्षा आपोआप समताधिष्ठित असते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. याच जिल्ह्यातील पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांसाठी खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. पाहण्यासाठी अक्षरओळख लागत नसली, तरी उंबरठा ओलांडण्याचा अधिकार लागतो.

आजच्या मूल्यांनी अकराव्या शतकाला जाब विचारणे हा कालविपर्यास आहे, असा आक्षेप घेता येईल. एरवी तो ग्राह्य ठरला असता. पण कुडलची ओळ भविष्यकाळात बोलते. तिचा वाचक तिच्या शतकापुरता मर्यादित नाही. हजार वर्षांनंतरचा संशोधकही त्या वचनाचा धनी आहे. वचन स्वीकारणाऱ्याला त्याच्या मर्यादांची चौकशी करण्याचा अधिकार असतो, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच ठरते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर तर प्राचीन लेखांकडे प्राचीनत्वाचे पुरावे म्हणून पाहण्याचा मोह अधिकच बळावेल. पुरावा म्हणून वाचलेल्या ओळीत वाचक जिंकतो, हे खरे. परंतु त्या तुळईखालून ये-जा करणारे आणि ती कधीही वाचू न शकलेले लोक त्या विजयात कोठेच नसतात. त्यांची अनुपस्थितीही संहितेचाच भाग मानून वाचणे, एवढे ऋण त्या ओळीने प्रत्येक वाचकावर ठेवले आहे.