गंगेने विचारलेला प्रश्न

गेल्या माघात वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही दोघे भाऊ नीरा नरसिंहपुरास गेलो. संगमाच्या घाटाची शेवटची पायरी उतरून तांब्याचा कलश कलता करण्यापूर्वी धाकट्याला हाताने जलपर्णी बाजूला सारावी लागली, आणि सारलेल्या जागी जे हिरवट पाणी उघडे पडले ते पाहून, इंदापूर तालुक्यात उभा जन्म काढलेला आणि भीमेला 'माई' म्हटल्यावाचून तिचे नाव न घेणारा तो शेतकरी कलश तसाच धरून उभा राहिला. "दादा, अण्णांना ह्यात सोडायचं?" एवढेच तो म्हणाला. गुरुजींनी तीर्थास दोष नसतो असे समजावले आणि ते पुढच्या यजमानाकडे वळले.

गुरुजींचे उत्तर मला त्या क्षणी झोंबले असले तरी ते पोकळ नव्हे. तीर्थाचे पावित्र्य हा पाण्याचा रासायनिक गुण नसून माणसाच्या संकल्पाने आणि पिढ्यानुपिढ्यांच्या वहिवाटीने त्या स्थळाला आलेला अर्थ आहे, असे मानणाऱ्याला कोणत्याही प्रयोगशाळेचा दाखला खोडून काढू शकत नाही. परंतु ज्या शास्त्राच्या आधारे हे बोलले जाते त्याच शास्त्राने, मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, पाण्यात मलमूत्र टाकण्यास व थुंकण्यास स्पष्ट मनाई केली आहे. म्हणजे पावित्र्य आणि स्वच्छता ह्यांची फारकत जितक्या सोयीने आपण केली तितक्या सोयीने ती स्मृतिकारांनी केलेली नव्हती. आणि भागवताच्या नवव्या स्कंधात तर प्रत्यक्ष गंगाच भूतलावर उतरण्यापूर्वी भगीरथाला अडवून विचारते, की लोक आपली पापे माझ्यात धुतील, पण ती मी कोठे धुवावीत?

ह्या प्रश्नाइतका वास्तववादी प्रश्न आपल्या पुराणांत मला दुसरा आढळलेला नाही. धुतल्याने वस्तू नाहीशी होत नाही, ती केवळ जागा बदलते, हे गंगेला ठाऊक होते.

शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात त्या फॉस्फरसची गोष्ट नेमकी हीच आहे. सांडपाण्यातला नत्र जीवाणूंच्या करवी वायुरूप करून हवेत परत धाडता येतो. स्फुरदाला आकाशाचा तो दरवाजा बंद आहे. ते मातीत राहील, जिवात राहील नाहीतर पाण्यात राहील, पण जमाखर्चातून त्याची बाकी कधी उडवता येणार नाही; कर्मसिद्धान्ताला पदार्थविज्ञानात दृष्टान्त हवा असेल तर त्याने येथे यावे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मोऱ्यांतून निघालेले मलमूत्र आणि धुण्याच्या पावडरी मुळामुठेवाटे भीमेत आणि भीमेवाटे उजनीच्या यशवंतसागरात येतात. बारामतीसारख्या गावांचे पाणी कऱ्हा सोनगावाजवळ नीरेच्या ओटीत घालते. उसाला दिलेल्या खताचा वाहून गेलेला अंश वाटेत मिळतो. आणि नरसिंहपुराला नीरा भीमेला भेटते तेव्हा ही सारी शिल्लक एकत्र होते. त्याच नीरेत सराटीला तुकोबांच्या पादुकांना स्नान घडते, आणि तीच भीमा पुढे पंढरपुरास चंद्रभागा होते.

प्रमाण पाहावे. गावच्या सांडपाण्यात लिटरमागे पाचसात मिलिग्रॅम स्फुरद असते; संथ जलाशय हिरवा व्हावयास मिलिग्रॅमच्या शंभर भागांतले दोनतीन भाग पुरतात, आणि एका ग्रॅम स्फुरदावर शंभरेक ग्रॅम सुके शेवाळ पोसले जाते. ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना निर्मळ दिसते, दुर्गंधीही गेलेली असते, पण स्फुरदाचा मोठा भाग त्यात विरघळलेलाच राहतो.

भगीरथाने गंगेला उत्तर दिले होते, की साधू तुझ्यात स्नान करतील आणि तुझे पाप हरण करतील. पुराणिक हे उत्तर सांगून पोथी बांधतात. मला मात्र ते अपुरे वाटते, कारण इतिहासात हे काम साधूंनी क्वचितच केले. पंढरीच्या वाळवंटात खराटा चालवणारे गाडगेबाबा हा त्याला सन्माननीय अपवाद. एरवी गावाची घाण डोक्यावरून गावाबाहेर नेणारा जो माणूस होता, ज्याच्यामुळे नदी नदी राहिली, त्याला आपण साधू म्हटले नाही, त्याची सावली टाळली. नदीला माता आणि तिचा भार हलका करणाऱ्याला अस्पृश्य ठरवणाऱ्या समाजाने शुद्धीचा विचार केला होता असे म्हणणे मला अवघड जाते. गंमत अशी, की त्याने वाहून नेलेल्या मैल्याला शेतकऱ्याच्या भाषेत नाव होते सोनखत. आणि 1669 साली हाम्बुर्गचा हेनिंग ब्रांट मूत्र आटवून सोने शोधू लागला तेव्हा त्याच्या हाती लागले ते स्फुरदच. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या नगरपालिकेने सोनखत बागाइतदारांना विकले, ते प्रारंभीच्या नाखुशीनंतर उसाला चालू लागले.

विरघळलेले स्फुरद खराट्याने निघत नाही. त्याला तुरटी लागते, किंवा लोहाचा क्षार. पावसाळ्यात आई गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा चारदोन वेळा फिरवी आणि सकाळपर्यंत बुडाशी गाळ बसे. त्याच स्वभावाने तुरटी स्फुरदाला बांधून खाली बसवते. दुसरा मार्ग मला अधिक मनोरंजक वाटतो: काही जीवाणूंना आधी हवेवाचूनच्या जागी ठेवून मग भरपूर हवा दिली की ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त स्फुरद पोटात साठवतात, आणि त्यांच्या गाळासह ते पाण्याबाहेर काढता येते. हावरेपणाही कधी तीर्थाच्या कामी येतो म्हणायचा! गाळ मात्र पुन्हा नदीकाठी टाकला तर गंगेचा प्रश्न जागच्या जागी उभा. तो तपासून, घातक धातूंवाचूनचा असेल तर, शेतात गेला तरच भगीरथाची सुटका.

आणि शेताला त्याची निकड आहे. खरिपाच्या तोंडावर डीएपीच्या गोणीसाठी धाकटा रांगेत उभा राहतो. त्या गोणीतल्या स्फुरदाचा खडक जॉर्डन-मोरोक्कोसारख्या परमुलखातून जहाजाने येतो, आणि आपल्याच घराघरांतले स्फुरद त्याच्या शेताजवळून भीमेत वाहत जाते.

त्या दिवशी आम्ही मूठभर अस्थी संगमात सोडल्या आणि उरलेला कलश परत आणला. कालव्याकडच्या बांधावर अण्णांनी लावलेल्या लिंबाखाली धाकट्याने टिकावाने खड्डा घेतला, रक्षा ओतली, आणि हात झाडताना विचारले, "दादा, हाडांच्या खतात असतं तेच ना हे?" मी होय म्हटले. तो काही बोलला नाही. पायाने माती लोटून त्याने वर एक तांब्या पाणी घातले, आणि मोटर चालू करायला विहिरीकडे गेला.