ज्याच्या बोटांत तंगूस

कुंडलिकेच्या मुखावर, रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीखाली खडक आहेत. समोर कोर्लईचा किल्ला. पावसाळा सरून पाणी निवळायला लागलं की चौल-रेवदंड्याची गरवणारी माणसं उधाणाची भरती बघून इथे येऊन बसतात. त्यांच्या मनात एकच मासा असतो, जिताडा. अलिबाग-पेणकडे हा मासा घरामागच्या तळ्यात जपून वाढवतात, आणि मोठा निघाला तर तो विकायचा की व्याह्यांकडे पाठवायचा यावर घरात खल होतो. ऑस्ट्रेलियात यालाच बारामुंडी म्हणतात. हलक्या गळाने तो धरायला तिथे लोक लांबलांबून जातात.

चौलच्या एका म्हाताऱ्या नाखव्याच्या नातवाने या माशासाठी बोटाएवढी जाड दोरी आणली होती. मोठा मासा, मोठी दोरी, असा त्याचा साधा हिशेब. तीन संध्याकाळी तो बसला. गळाला लावलेला जिवंत बोईट त्या दोरीच्या ओझ्याने धड पोहत नव्हता, आणि असल्या बोइटाकडे जिताडा ढुंकून बघत नाही.

चौथ्या दिवशी आजोबांनी लाकडाला गुंडाळलेला आपला तंगूस, म्हणजे गळाची बारीक दोरी, त्याच्या हातात दिला.

“हा पाच किलोंचा. त्याहून जास्त ताण आला की तुटणार.”

“आणि दहा किलोंचा मासा लागला तर, आजोबा?”

“पाण्यात माशाला वजन नसतं रे. ओढ असते. ओढेल तेव्हा वाट द्यायची, थांबेल तेव्हा आपण घ्यायचं. वजन येतं ते तो पाण्याबाहेर उडतो तेव्हा. मग हात खाली टाकायचा, तंगूस सैल करायचा.”

गळाजवळचा हातभर तंगूस मात्र त्यांनी जाड लावला होता. जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं धारदार असतात, मान झटकली की बारीक तंगूस तिथेच कापला जातो. जाडी कुठे हवी आणि कुठे नको, हे त्यांना नेमकं माहीत होतं.

पोराचा विश्वास बसेना, तेव्हा म्हाताऱ्याने खाडीकडे बोट केलं. 1508 साली इथे पोर्तुगीजांची इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढाई झाली. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा याचं जहाज परत फिरताना मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. ते काही सुटलं नाही, आणि लोरेन्सो तिथेच मारला गेला. “तोफांचं जहाज होतं,” आजोबा म्हणाले, “आणि धरलं कुणी, तर खुंटांनी.”

भरती फिरायच्या वेळेला बोईट एकदम बिथरला. पाण्यात धप्प आवाज झाला आणि तंगूस पोराच्या बोटांतून सरसरत निघाला.

अशा वेळी खडकावर माणसं कुठून जमतात कोण जाणे. क्षणात दहा-बाराजण पाठीशी उभे राहिले.

“वढ! आरं, वढ ना!”

“दगडात घुसला तर गेला बघ!”

पोराची मूठ आवळत होती. त्याने आजोबांकडे बघितलं. आजोबा काही बोलले नाहीत, ते पाण्याकडे बघत होते. मग पोराने बोटांकडे लक्ष दिलं. तंगूस थरथरत होता, आणखी थोडा ताण म्हणजे शेवट, हे बोटांना कळत होतं. त्याने मूठ सैल केली. मागून हळहळ उठली. मासा पुढे गेला, वळला, दमून थांबला, आणि तेवढा तंगूस पोराने परत घेतला. जिताडा पाण्याबाहेर उडाला, तोंड वासून डोकं झटकू लागला, तेव्हा त्याने हात खाली टाकला. पुन्हा ओढ, पुन्हा ढील. काळोख पडायला लागला तरी हेच चाललं होतं.

जमलेल्या लोकांना वाईट कसं म्हणावं? पोराला मासा मिळावा असंच सगळ्यांना मनापासून वाटत होतं. पण ताण त्यांच्या बोटांना कळत नव्हता, आणि तंगूस तुटला असता तर “आम्ही सांगत होतो” म्हणायला ते मोकळे होते. आपल्या आयुष्यातही सल्ला देणारे बहुतेकदा प्रेमानेच ओरडत असतात, म्हणून तर त्यांच्यापुढे टिकणं एवढं जड जातं.

मासा अखेर खडकाशी आला, कुशीवर पडला. आता तर सगळेच ओरडू लागले, “उचल! उचल!” सर्वांत जास्त जिताडे इथेच जातात. हाताशी आला म्हणून माणूस तंगुसानेच मासा वर खेचतो, आणि पाणी सुटताच त्याचं सगळं वजन तंगुसावर येतं.

पोर थांबला. एक लाट फुटली, दुसरी फुटली. तिसऱ्या लाटेने जिताड्याला आपणहून खडकाच्या खोबणीत आणून ठेवलं. आजोबांनी खाली वाकून त्याच्या जबड्यात अंगठा रोवला आणि दोन्ही हातांनी त्याला वर घेतलं.

मासा धक्क्यावर काट्याला लावला. नऊ किलो भरला, आणि पाच किलोंचा तंगूस अजून त्याच्या तोंडाला तसाच होता.