ज्याला पाडायचे, त्याची बाही सोडायची नाही



एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. ज्याच्याशी आपली स्पर्धा आहे त्याचे मनापासून भले चिंतता येते का? की जिंकायचे असेल तर हे भले चिंतणे थोडा वेळ बाजूला ठेवावेच लागते?

हा प्रश्न मला जबलपूरच्या बडा फुहारा भागात, काकांच्या दुकानात बसलेलो असताना पडला. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. दिवाळीच्या आधी संध्याकाळी काकांचे हिशेब लिहायला जातो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये असाच बसलो होतो. कमानिया गेटकडून गर्दीचा लोंढा येत होता. गिऱ्हाईक थोडे कमी झाले तशी मोबाईलवर बातमी दिसली. पेरू देशातील लिमा येथे झालेल्या जागतिक ज्युनियर ज्युदो स्पर्धेत मणिपूरच्या लिंथोई चनम्बमने ६३ किलो गटात कांस्यपदक मिळवले होते. या स्पर्धेत भारताला मिळालेले हे पहिलेच पदक. त्याआधी २०२२ मध्ये साराजेवो येथे ती ५७ किलो गटात कॅडेट, म्हणजे त्याहून लहान वयोगटाची, जगज्जेती झाली होती.

ज्युदोतले मला काहीच कळत नव्हते. म्हणून मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता अडकलो.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक होते. १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरात त्यांनी आपली शाळा सुरू केली. त्यांनी शिष्यांना दोन सूत्रे दिली. एक, शक्तीचा उत्तम उपयोग. दुसरे, स्वतःचे आणि दुसऱ्याचे कल्याण एकत्र साधणे. विचार करा, ज्या विद्येत माणसाला उचलून आपटायचे असते, तिचे सूत्र परस्पर कल्याण!

हे केवळ भिंतीवर लिहिण्याचे सुवचन असेल, असे मला आधी वाटले. पण ते खेळाच्या नियमांत उतरले आहे. ज्युदोत नवशिक्याला आधी पाडायला नव्हे, पडायला शिकवतात. मान कशी सावरायची, हात जमिनीवर कसा आपटायचा, हे अंगवळणी पडल्याशिवाय पुढचे डाव नाहीत. गळ्याचा किंवा हाताचा डाव बसला आणि समोरच्याने दोनदा थापटले, की पकड त्याच क्षणी सोडायची. आणि जिच्यामुळे कुस्ती तिथेच संपते ती पूर्ण फेक, म्हणजे ‘इप्पोन’, केव्हा मानतात? फेकीत जोर हवा, वेग हवा, समोरचा पाठीवर पडायला हवा आणि तो जमिनीला टेकेपर्यंत फेकणाऱ्याचा ताबा सुटता कामा नये. म्हणून चांगला ज्युदोपटू फेकताना समोरच्याच्या बाहीवरची पकड सोडत नाही. त्या बाहीच्या आधारानेच पडणाऱ्याची पाठ नीट टेकते आणि डोके वाचते. ज्याला पाडायचे त्याला सावरणे ही तिथे दया नाही, तो पूर्ण विजयाचाच एक भाग आहे.

आमच्या जबलपूर जिल्ह्यातल्या जानकीबाई दृष्टिहीन ज्युदोपटू आहेत. २०१७ मध्ये ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले. दृष्टिहीनांच्या ज्युदोत कुस्ती सुरू होण्याआधीच दोघी एकमेकींचा पोशाख धरून उभ्या राहतात. आधी हात धरायचा, मग लढायचे. आपल्या तालमीतही पहिलवानासमोर जो उभा राहतो त्याला ‘जोड’ म्हणतात. मी फावल्या वेळात हिंदी लेखांचा मराठीत अनुवाद करतो. ‘प्रतिद्वंद्वी’ हा शब्द आला की आजवर न थांबता ‘प्रतिस्पर्धी’ लिहून पुढे जात होतो. त्या दिवशी मात्र ‘जोड’ हा शब्द मनात घोळत राहिला. ज्याच्यावाचून आपली कसोटीच लागणार नाही, तो जोड.

आता मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी सांगताना मला लाज वाटते.

त्या वर्षी मे महिन्यात मी आणि माझा एक मित्र सीए इंटरच्या परीक्षेला बसलो होतो. परीक्षेच्या महिनाभर आधी तो आजारी पडला आणि आठवडाभर क्लासला आला नाही. नेमके त्याच आठवड्यात सरांनी जीएसटीतले नवे बदल लिहून दिले. संध्याकाळी त्याचा फोन आला, “काही विशेष झालं का रे?” मी म्हणालो, “नाही, नेहमीचंच.”

का म्हणालो? या परीक्षेत प्रत्येक विषयात ४० टक्के आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के मिळवणारा प्रत्येक जण पास होतो. त्याच्या पास होण्याने माझी जागा जाणार नव्हती. तरीही माझ्या मनाने त्याला शत्रू ठरवले होते. जुलैत निकाल लागला. मी पास झालो, तो कराच्या पेपरात राहिला. त्याच संध्याकाळी तो खव्याची जिलबी घेऊन आमच्या घरी आला. मी ती खाल्लीसुद्धा. पुढे तीन महिने मी त्याला टाळत राहिलो.

लिमाची बातमी वाचली त्याच आठवड्यात मी ती वही घेऊन त्याच्याकडे गेलो आणि सगळे सांगून टाकले. तो म्हणाला, “मला माहीत होतं. दोन दिवसांनी दुसऱ्या एकाकडून कळलं होतं. पेपर राहिला तो माझ्यामुळेच.”

“मग जिलबी घेऊन का आलास?”

“अरे, तू पास झाला होतास ना!”

वाचकहो, माझ्या खोटेपणाने त्याचे नुकसान झाले नव्हते, हे ऐकून मला हायसे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. कर्माचा हिशेब केवळ परिणामावर मांडला जात नाही, हे त्या दिवशी समजले. मी त्याची बाही सोडली होती. त्याने मात्र स्वतः पडतानाही माझी बाही धरून ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, सगळ्याच स्पर्धा अशा नसतात. एक नोकरी आणि दहा उमेदवार असले, तर एकाच्या मिळवण्यात नऊ जणांचे गमावणे आहेच. खरे आहे. म्हणून जिंकायची इच्छाच सोडावी का? मला तसे वाटत नाही. लिमामध्ये लिंथोई जपानच्या खेळाडूकडून हरली. तिच्यावर दया दाखवून कोणी तिला सोडले नाही. पण ज्युदोत उपउपांत्य फेरीत हरलेल्याला ‘रेपेशाज’ नावाची आणखी एक संधी असते. पाण्यातून पुन्हा वर काढणे, असा त्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ. त्याच वाटेने ती कांस्यपदकापर्यंत पोहोचली. मुद्दाम हरणे म्हणजे समोरच्याला कमी लेखणे होय. पूर्ण ताकदीने लढावे, पण समोरचा पुन्हा उठू शकेल अशा रीतीने लढावे. जिथे जागा एकच असते, तिथे तर ही जबाबदारी अधिकच वाढते.

आज रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे शांत बसा. ऑफिसात, दुकानात, वर्गात किंवा भावंडांत ज्याच्याशी तुमची मनातल्या मनात चढाओढ चालू आहे, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. त्याला हवी असलेली एखादी माहिती, एखादा कौतुकाचा शब्द, एखादी ओळख तुम्ही अडवून ठेवली आहे का? असेल, तर उद्या ती त्याला द्या. आणि ती पोहोचवताना काय चुकले तेही सांगून टाका. वही देणे सोपे होते, वाचकहो. “त्या दिवशी मी खोटं बोललो” हे पाच शब्द तोंडातून बाहेर पडायला मला तीन महिने लागले.

आता नोव्हेंबरपासून आम्ही दोघे पुन्हा एकत्र अभ्यासाला बसतो. तो पहिल्या ग्रुपच्या तयारीला, मी दुसऱ्या. वही मध्ये असते.