शून्य तक्रारी

पुण्यातल्या एका मिक्सर-कुकरच्या कंपनीच्या वेबसाइटवर खाली उजव्या कोपऱ्यात एक गोल चिन्ह होतं. त्यावर क्लिक केलं की चॅटची खिडकी उघडायची आणि विचारायची, 'बोला, काय मदत करू?' ज्या तरुणाने ती बनवली त्याने एकदा बैठकीत विचारलं होतं, "सर, अंध ग्राहकांना ही वापरता येते का, तपासून घेऊ या?" मालकांनी तक्रारींचा तक्ता उघडला. "वर्षभरात अशा ग्राहकांची एकही तक्रार नाही. मग कशाला?" तरुणालाही ते पटलं.

एका मंगळवारी साताऱ्याहून एसटीने एक बाई आल्या. अंधशाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, स्वतःही अंध. एका हातात पांढरी काठी, खांद्यावरच्या पिशवीत मिक्सरचं भांडं. भांडं तळातून गळत होतं. वायसर बदलून हवा होता.

"एवढ्यासाठी इतक्या लांब आलात, बाई?" तरुणाने विचारलं. "वेबसाइटवर चॅट आहे की!"

"सुरुवात तिथूनच केली होती, बाळा."

"मग फोन?"

"केला. 'चॅटवर लिहा' असं सांगून बंद झाला."

बाईंनी लॅपटॉप काढला. त्यावर एनव्हीडीए होतं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केलं. "आता डोळे मीट," बाई म्हणाल्या, "आणि माझ्यासाठी वायसर मागव."

तो टॅब दाबत गेला. आवाज सांगत होता, लिंक, लिंक, लिंक. बऱ्याच वेळाने आला नुसता शब्द, 'बटन'. कसलं बटन? त्याला नाव द्यायचं राहूनच गेलं होतं. एंटर दाबलं, तर शांतता. खिडकी उघडली होती, पण कर्सर मागच्या पानावरच राहिला होता. चाचपडत तो आत पोहोचला, प्रश्न लिहिला. 'टिंग' वाजलं. उत्तर आलं असणार, पण ते कुणी वाचून दाखवलं नाही. शोधता शोधता दोन मिनिटं उलटली आणि खिडकी आपोआप मिटली. त्याने डोळे उघडले तेव्हा त्याला घाम आला होता.

"2016चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे," बाई म्हणाल्या. "30 एप्रिल 2025ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण मी कोर्टाचं बोलायला आले नाही रे. मला चटणी वाटायचीय."

मला विचाराल तर बाकीची वेबसाइट एकवेळ मागून दुरुस्त झाली तरी चालेल, मदतीची खिडकी आधी व्हायला हवी. अडलेला माणूस तिथेच येतो. तीच बंद असली तर ती बंद आहे हे तरी त्याने कुठे सांगायचं?

वायसर बसवून बाई गेल्या. तरुण आठ दिवस खपला. बटनाला 'मदतीसाठी चॅट' असं नाव मिळालं. उघडताच कर्सर आत जाऊ लागला, एस्केप दाबलं की जिथून आलो तिथे परत. आलेलं उत्तर आपोआप वाचलं जाईल अशी खूण कोडमध्ये घातली. ती जेमतेम एका ओळीची होती. दोन मिनिटांची मुदत गेली. फिकट करडी अक्षरं गडद झाली, निदान 4.5 : 1 एवढा फरक पार्श्वभूमीशी राहील अशी. मग त्याने बाईंनाच वापरून बघायला सांगितलं. त्यांचा निरोप चॅटवरच आला : 'छान झालंय. फक्त ते दर क्षणी "लिहीत आहे, लिहीत आहे" म्हणतं, ते गप्प कर.' हे त्याला डोळ्यांनी कधीच कळलं नसतं.

पुढच्या महिन्याच्या तक्त्यात शून्याच्या जागी अकरा होते. मालक चमकले. "अरे, तू सुधारणा केलीस आणि तक्रारी वाढल्या?"

"वाढल्या नाहीत, सर. आधीही असतीलच. आता आपल्यापर्यंत आल्या."

मालकांनी चष्मा लावला आणि एकेक वाचायला घेतली. चौथी एका कर्णबधिर गृहिणीची होती : 'कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही. दिवा लागेल असं काही करता येईल का?' त्यांनी ती दोनदा वाचली. मग फोन उचलून कारखान्यातल्या मिस्त्रींना वर बोलावलं.