पाटीवरचे ससून, गल्लीतले दिवेकर

मुंबईतल्या ज्यू वस्त्यांचे ‘हेरिटेज वॉक’ म्हणजे उठून गेलेल्यांच्या घरांना लावलेले तिकीट, असे म्हणण्याची हल्ली विद्वानांत टूम आहे. मला ही टीका आळशी वाटते. समाज विरळ झाला म्हणून त्याच्या गल्लीत कोणी फिरकूच नये, हा कुठला आदर? तक्रारीची जागा दुसरीकडेच आहे. हे फेरफटके इमारतींमागे चालतात आणि इमारती पैसेवाल्यांच्या असतात. काळा घोड्याजवळचे निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बगदादी ज्यू घराण्यातल्या जेकब ससून आणि त्यांच्या भावांनी १८८४ साली वडिलांच्या स्मरणार्थ बांधले. २०१९ च्या जीर्णोद्धारानंतर ते फोटोंतून पुन्हा झळकू लागले. भायखळ्याचे मागेन डेव्हिड १८६१ चे, तेही ससूनांचेच. घराण्याचे वैभव कापसाइतकेच अफूवरही उभे होते, पण रंगीत काचांखाली उभे राहून अफूबद्दल कोण बोलणार!

अशा वाटेने हिंडलेला मराठी माणूस ‘मुंबईचे ज्यू म्हणजे बगदादचे शेठ’ एवढेच घेऊन घरी जातो. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले, दिवेकर, पेणकर, केहिमकर अशी गावांची आडनावे लावणारे बेने इस्रायली त्याच्या लेखी तळटीप ठरतात. वास्तविक मांडवीतल्या इस्राएल मोहल्ल्यातले शआर हारहमीम हे त्यांचे सिनेगॉग १७९६ चे. कंपनी सरकारच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर म्हैसूरच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी ते बांधले. ससून घराण्याचे मूळपुरुष डेव्हिड ससून मुंबईत उतरले ते त्यानंतर काही दशकांनी. पुढे १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलींच्या कबरींमध्ये भिंत मागितली. त्या भिंतीमागचा, बेने इस्रायलींच्या ज्यूपणाबद्दलचा संशय इस्रायलपर्यंत त्यांच्या पाठीस लागला. विवाहासाठी आपल्याला पूर्ण ज्यू मानावे म्हणून त्यांना तिथे धरणे धरावे लागले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकार हलले. एका शहरातल्या दोन समाजांचे हे ताणलेले नाते वगळून केलेला फेरफटका वास्तुकलेचा असेल, वस्तीचा नव्हे.

यावर आयोजक म्हणतील, मांडवीत दाखवण्यासारखे उरलेय काय? गोदामे, हातगाड्या, गर्दी. हा आक्षेप फार टिकत नाही. सव्वादोनशे वर्षांचा वारसा डोळ्यांत भरत नसेल तर दोष सांगणाऱ्याचा. दुसरा आक्षेप मात्र जड आहे. २००८ मध्ये नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून प्रार्थनास्थळांना पहारा आहे. मूठभर उपासकांच्या दारात कॅमेरेवाल्यांचा घोळका नेणे हे अगत्य नसून उपद्रव आहे. इथे मला त्या आळशी टीकाकारांकडे थोडे सरकावेच लागते. पण मग दाराबाहेर थांबावे. बेने इस्रायलींनी आपली ओळख दगडापेक्षा कागदावर अधिक कोरली आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली आणि तिच्यातल्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरीची तयारी करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत. त्याच सुमारास या समाजात अब्राहाम, योसेफ यांच्या आख्यानांवर मराठी कीर्तने रंगू लागली. हे सारे गल्लीच्या तोंडाशी उभे राहून वाचून दाखवता येते, कोणाच्या प्रार्थनेत पाऊल न घालता. अडचण एकच, वाटाड्याला मराठी वाचता यायला हवे. आणि हे फेरफटके बहुतेक इंग्रजीत चालतात.